सोळाचा एकोणीस

दादरच्या बाजारातून झेंडू घरात आला, की माझं डोकं तापायला लागतं. फुलाचा दोष नाही. फूल बिचारं पिवळं, गोल, आपल्या जागी बरोबर आहे. पण त्याचा तो उग्र हिरवट वास नाकात गेला, की पाठोपाठ मला रॉकेलचा वास येतो, तापलेल्या पत्र्याचा येतो, आणि बाबल येऊन समोर उभा राहतो. डाव्या हाताची दोन बोटं नसलेला बाबल. त्याला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पण खंडेनवमी तो चुकवत नाही.

सूनबाई पाट मांडते. त्यावर विळी, कात्री, माझा जुना पाना, नातवाचा तो उघडमीट करायचा कॉम्प्युटर. सगळ्यांना हळद-कुंकू, सगळ्यांना एकेक फूल. मग तिची नजर वर फळीवर जाते. तिथं एक कंदील आहे.

"बाबा, यंदा तरी त्याला फूल घालू?"

"नाही."

"अहो, पण एवढा घासूनपुसून ठेवता, मग पूजेलाच काय होतं?"

"नाही म्हटलं ना."

लग्न होऊन आली तेव्हापासून ती विचारते आणि मी नाही म्हणतो. आता तिनं हसण्यावारी नेलंय. मी नाही नेलेलं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहिण्याबिहिण्याची सवय नाही. पण कुणीतरी हे लिहायला हवं होतं, आणि ज्यांना लिहिता येत होतं ते गप्प बसले. म्हणून मी लिहितो.

आश्विनातलं ऊन आमच्या परळात वरून पडायचं नाही, खालून यायचं. फरशीतून, रुळांतून, पत्र्यांतून. गिरण्यांचे भोंगे त्या उन्हात जास्त लांब ओरडायचे असं मला वाटे. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीतून निघालं, की पायी दहाव्या मिनिटाला कंदील कंपनी. नाव तिचं विलायती होतं, बोर्डावर इंग्रजीत होतं. आम्ही कंदील कंपनीच म्हणायचो. सगळीकडे कापूस आणि मध्येच आम्ही पत्रेवाले. गिरणीतली माणसं संध्याकाळी पांढरी होऊन बाहेर पडायची, आम्ही काळे होऊन. ते आम्हाला "काजळी" म्हणून चिडवायचे. आम्ही म्हणायचो, "काजळी असेल, पण उजेड आमचा आहे रे!"

खरंच होतं ते. कोकणात एसटीचा धुरळा पोचायच्या आधी आमचा कंदील पोचलेला होता. माझ्या आईच्या ओटीवर आमच्याच कंपनीचा कंदील. गावी गेलो, की मी तो उलटा करून बुडाशी बघायचो, आणि आई म्हणायची, "अरे, रॉकेल सांडशील!"

बूड ठोकायची ती थोरली. थोरली म्हणजे आमची मोठी प्रेस. बाकी यंत्रांना नंबर होते, हिला नाव होतं. वर छताजवळ शाफ्ट फिरायचा, त्यावरून पट्टा खाली यायचा, आणि थोरली ठोका द्यायची. धप. पत्र्याचा सपाट तुकडा आत, कंदिलाचं गोल बूड बाहेर. धप. तिच्यावर काम करायचा बाबल, आणि तिची नाडी बघायचो मी. मी फिटर होतो. वय चोवीस-पंचवीस, मिशी नुकती जमलेली, आणि परळ-लालबागेत आपल्याएवढा हात कुणाचा नाही अशी खात्री. ती खात्री अजून गेलेली नाही. गर्व म्हणा. म्हणणारे म्हणतात.

बाबल मालवणकडचा. थट्टेखोर. तोंडात कायम शिवी नाहीतर गाणं. एकदा पट्टा सरकला, थोरली अवेळी खाली आली आणि त्याची दोन बोटं घेऊन गेली. त्याचा हात सोडवायला मी छिन्नी घातली, घण मारला. हात सुटला. पण छिन्नीचं टोक साच्याला लागलं आणि साच्यात बारीकसा खड्डा पडला. तेव्हापासून प्रत्येक बुडावर तिळाएवढा उंचवटा उठायला लागला. साहेबानं तो घासून घ्यायला सांगितला, घासला, पण गेला नाही. बाबल हात बांधून परत कामावर आला तो ते बूड बोटानं चाचपून म्हणाला, "ह्यो माझो तीळ. आता सगळ्या मुलखात माझो तीळ जातलो." आणि त्याच थोरलीवर पुन्हा उभा राहिला. पुढची खंडेनवमी आली तेव्हा तिला पहिला हार त्यानंच घातला. कुणीतरी म्हणालं, "बाबल, बोटं खाल्ली तिनं तुझी." तर म्हणतो, "नैवेद्य दिलो तिका. आता माझी झाली ती."

आता त्या वर्षाचं सांगतो. फाउंटनला गोळ्या चालल्या होत्या, त्यानंतरचा कुठलातरी आश्विन. मुंबई द्विभाषिकात कोंबली होती आणि आम्ही पेटलो होतो. सकाळी प्रभातफेरी, संध्याकाळी सभा. चाळीच्या जिन्यावर बायका भाकऱ्या थापता थापता घोषणा द्यायच्या. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! मीही घसा फोडून ओरडलोय. लाठी खाल्ली आहे, खांद्यावर वण आहे. त्याबद्दल मला कुणी शिकवू नये.

आमचा साहेब रजेच्या बाबतीत भलता कडक. बायको बाळंत झाली तरी अर्धा दिवस कापणारा. तो त्या वर्षी मोर्चाला रजा द्यायला लागला! "जाव, जाव. तुम्हारा राईट है." आम्ही चाट. बाबल म्हणाला, "साहेब मराठी झालो की काय? उद्या पिठलां-भाकरी मागतलो." आम्ही हसलो. मोर्चाला गेलो. परत आलो तेव्हा पहारेकरी म्हणाला, दोन परके साहेब आले होते, फीत घेऊन यंत्रं मोजत होते, उंची, रुंदी, सगळं. आम्ही म्हणालो, मोजेनात का. नवीन शेड बांधायची असेल.

मग खंडेनवमीच्या आधी साहेबानं रंग दिला. स्वतःहून! हिरवा, चांगला, विलायती रंग. "इस साल पूजा अच्छा करो. मशीन साफ करो. सब खोल के साफ करो." आजवर पूजेला नारळ मागितला तर कपाळाला आठ्या घालणारा माणूस. आमचं काळीज भरून आलं हो. तीन दिवस आम्ही त्या यंत्रांना न्हाऊ घातलं. रॉकेलनं धुतलं, चिंध्यांनी पुसलं, फटीफटीतून काडी घालून वर्षांचं ग्रीस काढलं. बाबलनं थोरलीला दोन हात रंग दिला, आणि आठ शाबूत बोटांनी तिच्या कडेला पिवळी रेघ ओढली. अशी सरळ, की दोरी लावून ओढावी. खंडेनवमीला झेंडूच्या माळा, उदबत्त्या, नारळ. त्या हिरव्या ओल्या रंगाचा आणि झेंडूचा वास एकमेकांत मिसळला होता. साहेब टोपी काढून उभा राहिला. प्रसाद घेतला. दोन्ही हातांनी घेतला.

तेच माझ्या डोक्यातून जात नाही. दोन्ही हातांनी.

आमच्यात रीत अशी, की नवमीला बंद केलेलं यंत्र दसऱ्याला आपट्याचं पान ठेवून सुरू करायचं. एक ठोका तरी मारायचाच. आम्ही नवे कपडे घालून गेलो. साहेब म्हणाला, आज चालू नहीं. सब कुर्ला जायेगा, नया शेड में. खोलो. सगळ्यांची तोंडं उतरली, पण कुर्ला काही लांब नाही. बाबल म्हणाला, "चला, आता ट्रेनचो पास काढूक होयो." साहेबानं मला बोलावलं, खांद्यावर हात ठेवला. "तुम अच्छा मिस्त्री. तुम खोलेगा, तुम नंबर मारेगा. दूसरा कोई नहीं."

माझी छाती अशी फुगली. आज आठवलं की ती छाती कुणीतरी सुईनं फोडावी असं वाटतं.

यंत्र खोलायचं म्हणजे नुसतं नट काढायचे नसतात. कुठला भाग कुठल्याला लागतो ते ठाऊक नसलं, तर दोन हजार तुकड्यांची रास होते. म्हणून प्रत्येक तुकड्यावर पंचानं आकडा ठोकायचा. पोलादी पंच, टोकाला इंग्रजी आकडा कोरलेला. तुकड्यावर उभा धरायचा, वरून हातोडी. टक. इंग्रजी मला येत नव्हतं, पण आकडे येत होते. आठ दिवस मी टकटक करत होतो. एक चूक नाही. पेट्या भरत होत्या. पेट्यांवर पत्र्यातून कापलेल्या अक्षरांवरून काळा रंग मारत होते. एका अक्षराचा रंग ओघळला, तो मीच चिंधीनं पुसला. घाण दिसत होतं म्हणून. त्या पेटीवर काय लिहिलंय हे विचारायचं मला सुचलं नाही. आपण पुसतोय ते काय, हे न बघता पुसणारा मी.

ते वाचलं नानांनी. नाना म्हणजे आमच्या ऑफिसातले कारकून. गिरगावचे, जुन्या घराण्यातले, डोक्याला काळी टोपी, बोलणं हळू. ते चहाच्या सुट्टीत शेडमध्ये आले, पेटीसमोर उभे राहिले. मी सहज म्हणालो, "नाना, कुर्ला एवढं लांबलचक लिहितात होय इंग्रजीत?"

 नाना म्हणाले, "कुर्ला नाही रे. मोंबासा."

"हे कुठं आलं? ठाण्याच्या पुढं?"

"आफ्रिकेत."

बाबल पलीकडे दोर वळत होता. त्याचा हात थांबला. "कंपनी कुर्ल्याक जाता मां, नाना?"

"कंपनी कुठंच जात नाही, बाबल. कंपनी इथं बंद होते. कंदील तिकडं होणार. तिकडं मजुरी स्वस्त आणि इथं म्हणे गडबड फार. पत्रं मीच टाईप केली." मग फार हळू म्हणाले, "महिना झाला."

महिना! म्हणजे रंग आला त्याच्या आधी. हार घातले त्याच्या आधी. साहेबानं प्रसाद घेतला तेव्हा नाना त्याच्या शेजारी उभे होते. मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. बाबलनं मला धरलं. नाना म्हणाले, "मार. मला चार वर्षांत पेन्शन आहे. सांगितलं असतं तर गेलं असतं. मार तू." असं म्हटल्यावर कोण मारतो? मी भिंतीवर हातोडी फेकली. आजही कुणी मला हळू आवाजात बोललं, की माझा संशय जागा होतो.

त्या वेळी माझ्यापुढे थोरलीचे शेवटचे दोन तुकडे होते. दोन पितळी बुश. मोठा शाफ्ट ज्यांच्यात फिरतो ते, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. दिसायला जुळे भाऊ. पण वर्षानुवर्षं आपापल्या बाजूला फिरून, घासून, एकेकानं शाफ्टच्या आपल्या बाजूचं माप घेतलेलं. मीच ते खरवडून, निळा रंग लावून कुठं घासतंय ते बघून, पुन्हा खरवडून बसवले होते. डाव्याचा उजवीकडे घातला, तर बसेल. फिरेलही. पण तापेल. महिन्या-दोन महिन्यांत शाफ्ट धरेल, जागीच अडकेल, आणि थोरली आफ्रिकेत आडवी पडेल. यादीप्रमाणे डाव्याचा नंबर होता सोळा, उजव्याचा एकोणीस.

बाबल माझ्याजवळ उकिडवा बसला. इंग्रजी सहा आणि नऊ, दोन्हींना पंच एकच असतो. सरळ धरला तर सहा, उलटा धरला तर नऊ. हे त्याला ठाऊक होतं.

"पंच उलटो धर," तो म्हणाला.

मी पंच बोटांत फिरवून त्याचं टोक बघितलं.

"सोळाचो एकोणीस कर, एकोणिसाचो सोळा. कोणाक कळतला? चूक म्हणान खपतली. मगे साहेब बोंबलत हय येतलो, तुझ्या पायार पडतलो." मग थट्टा गेली त्याच्या आवाजातली. "मेल्या, तू फिटर. तुका उद्या गिरणीत काम मिळतला. माका आता कोण ठेवतलो कामार? आठ बोटांक कोण विचारता? घरात तीन पोरां आसत. फक्त मनगट फिरव रे."

पंच माझ्या हातात होता. मनगट फिरवायचं होतं फक्त.

मी सोळा तिथं सोळा मारला. एकोणीस तिथं एकोणीस. टक, टक.

का? साठ वर्षांहून जास्त मी स्वतःला हे विचारतो. साहेबाचं मीठ नव्हतं, त्याला तर मी मनात फाशी दिली होती. भीती नव्हती. खरं सांगतो. मोंबासात कुणीतरी परका फिटर तो बुश हातात घेऊन म्हणेल, "मुंबईच्या मिस्त्रीला नंबर मारता येत नाही," हे मला सोसलं नसतं. बस. एवढंच. तीन पोरांच्या बापानं हात जोडले, आणि मी माझ्या नावाला जपलं. जे नाव तिकडं कुणाला ठाऊकही नव्हतं.

बाबल उठला. पँट झटकली. "बरा झाला," म्हणाला. "आता तिची ओटी भर. सासराक चालली तुझी थोरली."

साहेबानं दुसऱ्या दिवशी मला विचारलं, सहा महिने तिकडं येशील का, मशीन बसवायला? दुप्पट पगार. मी नाही म्हणालो, त्याच्या तोंडावर थुंकलो नाही एवढंच. तेवढं मी अभिमानानं सगळ्यांना सांगत फिरलो. बाबल ऐकून म्हणाला, "तू कित्याक जातलस? तुझे नंबर गेले."

दिवाळीच्या आत गेटला कुलूप लागलं. आम्ही गेटवर बसलो, घोषणा दिल्या, वॉर्डातल्या पुढाऱ्याकडे गेलो. त्यानं चहा पाजला. म्हणाला, "आधी मुंबई मिळू दे रे. मग एकेका साहेबाला बघू." मुंबई मिळाली, मिळवली आम्ही. त्या रात्री लालबागेत काय रोषणाई होती! मी पेढा खाल्ला. गोड लागला, खोटं कशाला बोलू? पण घास उतरताना वाटलं, मुंबई आमची ठरली, पण मुंबईतलं थोरलं यंत्र पेटीत घालून गोदीतून गेलं तेव्हा ते कुणाचं होतं? त्याची घोषणा कुणी दिली नाही. मीही नाही. आम्ही जमिनीसाठी भांडत होतो, आणि जमिनीवरचं उचलून नेलं. पुढं गिरण्यांचंही तसंच झालं तेव्हा सगळे छाती बडवून रडले. मला रडू आलं नाही. राग आला. म्हटलं, तुम्ही आत्ता जागे होताय!

मला गिरणीच्या वर्कशॉपात तीन आठवड्यांत काम मिळालं. बाबल बोलला तसंच. बाबल दारोदार फिरला. प्रत्येक ठिकाणी त्याला हात दाखवायला सांगायचे. वर्षभरानं चाळीतली खोली सोडली, बिऱ्हाड बोटीत घातलं आणि गावी गेला. निघताना सगळ्यांना भेटला. माझ्या दारावरून गेला.

पुष्कळ वर्षांनी आमच्या चाळीतला एक खलाशी जहाजावरून आला. त्यानं आफ्रिकेतून आणलेल्या वस्तूंत एक कंदील होता. मी तो सवयीनं उलटा केला. बुडाशी परक्या देशाचं नाव, खलाशानं वाचून दाखवलं. आणि कडेला तिळाएवढा उंचवटा.

मी खाली बसलो. बोटानं चाचपला. तोच. पण बुडाची कडा बघितली. एकसारखी, स्वच्छ, कुठं ताण नाही. शाफ्ट तापला असता, तर ती कडा अशी आली नसती. थोरली चालत होती. उत्तम चालत होती. मला काय वाटलं सांगू? पहिल्यांदा आनंद वाटला. मग स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

खलाशाकडून तो कंदील मागून घेतला, आणि गणपतीला गावी गेलो तेव्हा वाट वाकडी करून बाबलकडे गेलो. तिन्हीसांजा झाल्या होत्या. तो खळ्यात बसून सुंभ वळत होता. केस पांढरे. मला बघून उठला नाही, पण सुनेला हाक मारली, "पाणी हाड गो." पाणी आलं. गूळ आला. मी कंदील त्याच्यापुढे ठेवला. 

त्यानं तो उलटा केला. ज्या हाताला दोन बोटं नव्हती, त्या हाताच्या खुंटानं तीळ शोधला. खुंट तिथं बराच वेळ राहिला.

"चलता मगे ती," तो म्हणाला.

"चालते."

"तापत नाय?"

"नाही."

"तू नंबर बरोबर घातलंस," तो म्हणाला, आणि हसला. तो पूर्वी हसायचा तसा नाही. "तिका विचार, माझी बोटां ओळखता काय."

सून काडेपेटी घेऊन आली, कंदील लावायला. बाबलनं तिचा हात धरला. "नको. ह्यो हेका परत दी." आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ह्या उजेडात माझ्या घरात कोण जेवचो नाय."

मी कंदील उचलला आणि काळोखातून पाणंदीनं परत आलो. हातात कंदील होता. पेटवला नाही.

तो हा कंदील. फळीवरचा. त्याला मी फूल घालू देत नाही. आमच्या हातांनी हार घातले, त्याचं काय झालं ते मी बघितलंय. पण दर खंडेनवमीला खाली काढतो. काच राखेनं घासतो, वात कापतो, बर्नरचे दात एकेक साफ करतो. घाण ठेवता येत नाही मला. पूजा नाही, पण काम ते काम. हीच ती खोड. ह्याच खोडीनं बाबलला खाल्लं.

कंपनीच्या जागी आता काचेचा उंच टॉवर आहे. मध्ये एकदा तिथं जाऊन उभा राहिलो, तर वॉचमन आला. "किधर जाना है, अंकल?" म्हटलं, "कुठं नाही. इथंच होतो."

नव्वदी आली. दुपारी डोळा लागत नाही. पडल्या पडल्या मी ती शेड पुन्हा उभी करतो. ओल्या हिरव्या रंगाचा वास, सुकलेल्या माळा, शेजारी उकिडवा बसलेला बाबल. समोर दोन पितळी बुश. दरवेळी ठरवतो, आज ऐकायचं त्याचं. आज तीन पोरं मोठी, माझं नाव लहान. पंच घेतो. उलटा धरतो. बाबल बघत असतो. हातोडी उचलतो.

आणि हातोडी पडायच्या आत मनगट आपलं आपण सरळ होतं.

सोळाच पडतो.